कथाकार आमचे, बोली मात्र नको?

सीमाभागात सुगी उरकली की साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मांडव पडतात, ग्रंथदिंडी निघते, लेझीम रंगते आणि मग व्यासपीठावरून स्वागताचे भाषण होते. या भाषणात एक परिच्छेद ठरलेला असतो. जी. ए. कुलकर्णी आमचे, इंदिरा संत आमच्या, प्रकाश नारायण संत आमचे, निपाणीचे महादेव मोरे आमचे. टाळ्या पडतात. ही नावे ज्या सुरात वाचली जातात तो सूर कचेरीत सातबाराचा उतारा दाखविणाऱ्या माणसाचा असतो. या मातीने मराठीला एवढे दिले, तेव्हा ही माती मराठीची, हे सिद्ध झाले असे समजून मंडळी भोजनाकडे वळतात.

या दाव्याशी आमचे भांडण नाही. दावा खराच आहे. आमचे भांडण आहे ते त्यानंतरच्या मौनाशी. हे कथाकार इथे घडले कसे, लहानपणी त्यांच्या कानांवर काय पडत होते, त्यांनी काय वाचले, पोटासाठी काय केले आणि लिहिण्यासाठी वेळ कोठून काढला, हे प्रश्न त्या मांडवात सहसा कोणी विचारीत नाही. विचारले गेले असते तर एक अडचणीची गोष्ट उघडी पडली असती. ज्यांच्या नावाने आपण टाळ्या वाजवितो त्यांचे लेखन तीन गोष्टींवर पोसले गेले: दोन भाषांची सरमिसळ, आपल्या परंपरेबाहेरचे मनसोक्त वाचन किंवा निरीक्षण, आणि व्यासपीठापासून दूर राहून निमूटपणे केलेला रोजचा उद्योग. या तीनही गोष्टींना आपल्या भागातील जुन्या, प्रतिष्ठित मराठी घरांतून आज फारशी जागा उरलेली नाही. म्हणजे कथाकार हवा, पण तो ज्यावर वाढला ते नको, असा हा मामला आहे. तो जरा तपशिलाने तपासावा म्हणून हा लेखनप्रपंच.

जी. एं.पासून प्रारंभ करू. जन्म १९२३ चा. बेळगावात ते वाढले, शिकले आणि पुढे धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात सुमारे तीस वर्षे इंग्रजी शिकवीत राहिले. ‘निळासावळा’ १९५९ मध्ये आला, ‘पारवा’ १९६० मध्ये, ‘हिरवे रावे’ १९६२ मध्ये, ‘रक्तचंदन’ १९६६ मध्ये आणि ‘काजळमाया’ १९७२ मध्ये. मराठी कथेचा पल्ला कुठवर जाऊ शकतो याचा अंदाज या पाच पुस्तकांनी बदलून टाकला. मात्र जी. एं.विषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात या पुस्तकांपेक्षा काळ्या चष्म्याचाच उल्लेख अधिक असतो. ते सभेला जात नसत, छायाचित्र काढू देत नसत, अनोळखी माणसाला भेटत नसत. १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘काजळमाये’ला मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशनकाळाबद्दल वाद निघताच त्यांनी तो परत करून टाकला. या सगळ्यातून गूढ, विक्षिप्त, माणूसघाण्या लेखकाची एक मूर्ती तयार झाली आहे. पुण्यामुंबईच्या रसिकांनी तीत आणखी एक रंग भरला: एवढा मोठा लेखक, पण धारवाडसारख्या कानडी गावात अडकून पडला! जणू ते जी. एं.चे अंदमान होते.

आपणही ही मूर्ती तशीच उचलून आपल्या देव्हाऱ्यात ठेवली. वस्तुतः जी. एं.चा दिनक्रम पाहिला तर त्यात गूढ असे काही आढळत नाही. दिवसा अध्यापन, संध्याकाळी क्लबात पत्ते, घरी वाचन, मन झाले तर चित्रे काढणे आणि भरपूर पत्रे लिहिणे. या पत्रांचे पुढे अनेक खंड निघाले. जो माणूस इतक्या लोकांना इतके मनमोकळे लिहितो त्याला माणूसघाण्या म्हणणे हे पत्रे न वाचल्याचे लक्षण आहे. त्यांनी माणसे टाळली नाहीत, व्यासपीठ टाळले. कथाकाराच्या दृष्टीने ही काटकसर आहे. जे बोलण्यात खर्च होते ते कागदावर उतरत नाही, हे त्यांना उमगले होते असे त्यांच्या लेखनाच्या घनतेवरून म्हणता येते. आपल्या संमेलनांना मात्र लेखकाची प्रत तपासण्याचे एकच माप ठाऊक आहे: तो किती वेळा आला आणि किती छान बोलला.

आता जी. एं.च्या घडणीकडे पाहू. तिचा एक भाग घरात आहे. आईवडील आणि बहिणी यांचे मृत्यू त्यांनी लहान वयापासून पाहिले. ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ हे त्यांच्या निधनानंतर, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचले की त्या मुलाच्या भोवतीचे जग डोळ्यांसमोर येते. दुसरा भाग वाचनाचा आहे, आणि हे वाचन मराठीपुरते मुळीच नव्हते. ग्रीक पुराणातला ऑर्फियस त्यांच्या कथेत येतो, स्पॅनिश कादंबरीतला डॉन किहोटे ‘यात्रिक’मध्ये येतो. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची पुस्तके त्यांनी मराठीत आणली आणि ओहायोच्या जंगलातल्या वसाहतीची ती कहाणी सांगताना नावे दिली ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. परके वाचून माणूस परका होतो असे मानणाऱ्यांनी या तीन नावांकडे थोडा वेळ पाहावे. इतके अस्सल मराठी शब्द त्या परक्या कथेला ज्याला सुचले त्याने परक्या साहित्यात बुडी मारली होती, आणि म्हणूनच स्वतःच्या शब्दांचे वजन त्याला नेमके कळत होते.

तिसरा भाग आपण नेहमी गाळतो, तो म्हणजे भोवतालची कानडी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. धारवाडही गेले, पण धारवाडवर आपण कधी हक्क सांगितला नाही, ते कानडी गावच आहे. तेथे जी. ए. राहिले, आयुष्याच्या अखेरच्या काळात पुण्याला जाईपर्यंत राहिले. शेजार कानडी, बाजार कानडी, वर्गात इंग्रजी आणि रात्री दिव्याखाली मराठी. तीन भाषांच्या अशा पहाऱ्यात वावरणाऱ्या माणसाला आपल्या भाषेतला एकही शब्द फुकटचा वाटत नाही. पुण्याच्या पेठेत मराठी हवेसारखी असते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. धारवाडात ती घरातल्या पितळी समईसारखी असते. तिला घासावे लागते, जपावे लागते, तेल घालावे लागते. जी. एं.च्या वाक्यातली ती जडावाची घडण, ते जपून ठेवलेले जुने शब्द आणि प्रतिमांची ती दाटी या अंतरातून आली असे आमचे स्पष्ट मत आहे. धारवाड हे त्यांचे अंदमान नव्हते. ती त्यांची कार्यशाळा होती.

याच धारवाडात त्याच काळी आणखी एक गृहस्थ राहत होते: द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, कविता कन्नड. ज्या १९७३ सालचा अकादमी पुरस्कार जी. एं.ना मिळाला त्याच सालच्या ज्ञानपीठाचे एक मानकरी बेंद्रे होते. एकाच गावात, एकाच वर्षी, मराठी घरातला एकजण कन्नडचा महाकवी म्हणून गौरविला जातो आणि कानडी मुलखात राहणारा दुसरा मराठी कथेचा शिरोमणी ठरतो. हा योगायोग आपण आपल्या मुलांना कधी सांगितला आहे काय? आपल्या सभांतून बेंद्र्यांचे नाव निघतेच कुठे? ‘आपला असून तिकडे गेला’ म्हणून त्यांना वगळायचे, आणि ‘तिकडे राहूनही आपला राहिला’ म्हणून जी. एं.ना मिरवायचे, या हिशेबात दोघांचेही मोठेपण हातून निसटते.

प्रकाश नारायण संतांची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे, कारण ती थेट बेळगावच्या अंगणात घडते. इंदिरा संत आणि ना. मा. संत या दोघा साहित्यिकांचा हा मुलगा, जन्म १९३७ चा. तो आजोळी दत्तक गेला, म्हणून व्यवहारात भालचंद्र दीक्षित. भूगर्भशास्त्र शिकला, ते कऱ्हाडला शिकविले. त्याचा लंपन नावाचा मुलगा आईवडिलांपासून दूर, सीमेवरच्या गावात आजीआजोबांजवळ राहतो आणि आपल्याला दिसते ते आपल्याच भाषेत सांगतो. लंपनच्या पहिल्या कथा साठीच्या दशकात ‘सत्यकथे’त आल्या. पहिला संग्रह ‘वनवास’ निघाला १९९४ मध्ये. त्यानंतर ‘शारदा संगीत’ १९९७ मध्ये, ‘पंखा’ २००१ मध्ये आणि ‘झुंबर’ लेखकाच्या निधनानंतर, २००४ मध्ये.

या तारखांमध्ये संतांची लेखनाची सवय दडलेली आहे. मधली तीनेक दशके लंपन गप्प होता. आजच्या घाईच्या काळात याला आळस म्हणतील. आम्ही याला मुरू देणे म्हणतो. लोणच्याच्या बरणीला रोज उठून झाकण उघडून पाहणाऱ्याच्या हाती बुरशीच लागते, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायका जाणतात. संतांनी बरणी बंद ठेवली आणि ती उघडली तेव्हा लहानपणीचा एकही आवाज विटलेला नव्हता. दगडांचे थर वाचणाऱ्या या प्राध्यापकाने आपल्या बालपणाचे थरही तितक्याच सावधपणे उकलले.

आणि ते आवाज कोणते? लंपनच्या जगात माणसे ज्या मराठीत बोलतात तिच्यात कानडी हेल आहे, कानडी नावे आहेत, कानडी शब्द आहेत. हीच ती बोली, जिच्यासाठी आपल्या जुन्या घरांत मुलांना दटावले गेले. ‘होय की’, ‘येतो की’, ‘काय करायलास’ असे काही मुलाच्या तोंडून आले की पाहुण्यांसमोर मान खाली घालायची आणि ‘इकडचे वळण लागले हो’ म्हणून सारवासारव करायची. पुण्याच्या मावशीने हसू नये म्हणून मुलाची जीभ घासून पुसून घ्यायची. एका बाजूने हे चालू असते, आणि दुसऱ्या बाजूने तीच बोली पुस्तकात आली की ‘आमचा लंपन’ म्हणून डोळ्यांत पाणी आणायचे. २०२४ मध्ये लंपनची मालिका पडद्यावर आली तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी ती नातवंडांसह मोठ्या कौतुकाने पाहिली. त्या नातवंडांपैकी कितीजणांना लंपनसारखे बोलण्याची घरात मुभा आहे?

बोली अशुद्ध असते हा समज मुळातच पोकळ आहे. ज्यांना शुद्ध मराठीचा अभिमान आहे त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात एक फेरी मारावी. तूप हा शब्द कन्नडशी नाते सांगतो. पानाच्या तबकातला अडकित्ता तिकडूनच आला. थोरल्या बहिणीला अक्का आणि थोरल्या भावाला अण्णा म्हणताना आपण कोणाची भाषा बोलतो? ज्ञानदेवांनी ज्या विठ्ठलाला कानडा म्हटले त्याच्यासमोर आपण पिढ्यान्‌पिढ्या हात जोडत आलो. तेथे विटाळ झाला नाही, आणि पोराच्या ‘होय की’ने मात्र मराठी बाटते, हा न्याय कोणता?

आता निपाणीला जाऊ. महादेव मोरे यांचे २०२४ मध्ये निधन झाले तेव्हा जे मृत्युलेख आले त्यांतील बहुतेकांचा सूर एकच होता: पिठाची गिरणी चालविणारा लेखक! केवढे आश्चर्य! त्यांच्या हयातीतही हेच चालले होते. गिरणीच्या पट्ट्याशेजारी, अंगावर पीठ उडालेले असताना लिहिणारा माणूस म्हणून त्यांची ओळख करून दिली जाई आणि ऐकणारे चकित होत. या आश्चर्याच्या पोटात एक अपमान लपलेला आहे. लेखक म्हणजे प्राध्यापक, लेखक म्हणजे संपादक, लेखक म्हणजे टेबलखुर्ची आणि निवांत माडी, असे गृहीत धरले म्हणजेच गिरणीवाला लेखक हा चमत्कार ठरतो.

मोऱ्यांच्या बाबतीत गिरणी ही अडचण नव्हती. ते त्यांचे वाचनालय होते. त्याआधी मोटारींच्या गॅरेजचे आणि टॅक्सीचे जग त्यांनी आतून पाहिले होते. ‘एकोणिसावी जात’सारखी कादंबरी अशा अनुभवावाचून सुचत नाही. निपाणी हे तंबाखूचे गाव. वखारींत दिवसभर तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बाया संध्याकाळी जोंधळ्याचा डबा घेऊन गिरणीत येतात. नंबर लागेपर्यंत थांबतात. थांबलेली माणसे बोलतात. कोणाचा नवरा, कोणाची उधारी, कोणाच्या पोरीला सोडले देवाला, कोणाचा खोकला थांबत नाही. कथाकाराला याहून चांगली जागा कोणते विद्यापीठ देईल? वखारीतील बाया, देवदासी, हमाल, ड्रायव्हर आणि क्लीनर यांची जी गर्दी मोऱ्यांच्या कथा-कादंबऱ्यांत आहे ती मुलाखती घेऊन गोळा केलेली नाही. ती रांगेत उभी राहून स्वतःहून आलेली आहे. आणि लिहिण्याची सवय म्हणाल तर ती दोन दळणांच्या मधल्या फटीतली. ज्याला असा वेळ मिळतो तो शब्दांची उधळपट्टी करीत नाही.

येथे निपाणीच्या आणि बेळगावच्या जुन्या घराण्यांना एक रोखठोक प्रश्न विचारणे भाग आहे. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीजवळ हमरस्ता अडविला, गोळीबार झाला, माणसे मेली. वखारीतील बायांनी त्याच काळात आपली संघटना उभी केली. आपल्या भागाच्या अलीकडच्या इतिहासातले हे मोठे प्रसंग. आपल्या साहित्यसभांच्या कार्यक्रमपत्रिकांत त्यांचे प्रतिबिंब किती पडले? कोजागरीला काव्यवाचन, गुढीपाडव्याला व्याख्यान, दिवाळीत फराळ आणि गझल. वखारीचा वास या सभांच्या दारात कधी आलाच नाही. तो आला मोऱ्यांच्या पानांवर. म्हणजे या गावाचे खरे साहित्यिक कामकाज सभागृहात न होता गिरणीत होत होते. तेव्हा ‘मोरे आमचे’ म्हणताना ‘आमचे’ या शब्दात त्या डबा घेऊन उभ्या असलेल्या बाया आहेत की नाहीत, हे आधी ठरवावे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप आम्हाला पाठ आहे, कारण आमच्याही घरात तो जेवणाच्या पानावर निघतो. ‘तुम्ही कानडीचे गोडवे गाता, पण आमच्यावर काय गुदरले ते विसरलात काय? १९५६ चा अन्याय, महाजन आयोग, १९८६ ची कन्नडसक्ती, मराठी फलकांवर फासलेले काळे, मराठीतून कागदपत्रे मिळावीत म्हणून घातलेले हेलपाटे?’ आम्ही काहीही विसरलेलो नाही. याच बेळगावात १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राची मागणी उचलून धरली, याचा आम्हाला अभिमान आहे. २००४ मध्ये दाखल झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात अजून लोंबकळत आहे, याची चीडही आहे. १ नोव्हेंबरचा काळा दिन आम्हीही पाळतो.

परंतु सक्ती करते ते सरकार, शेजारी करीत नाही. सरकारी हुकमाची भाषा वेगळी आणि अंगणातल्या बोलण्याची वेगळी. तहसीलदाराने मराठीत उतारा दिला पाहिजे ही मागणी जितकी न्याय्य आहे तितकेच हेही खरे आहे की भाजीवालीच्या कानडीने लंपनचा कान तयार केला. पहिल्या गोष्टीसाठी लढताना दुसरीचा गळा घोटण्याची गरज नाही. उलट, सक्तीच्या रागापोटी आपण आपल्या बोलीतून कानडी वेचून काढू लागलो तर सक्ती करणाऱ्याचेच काम आपण करून देऊ. कारण ती बोली म्हणजेच आपण इथले आहोत याचा पुरावा आहे. पुस्तकी, पुणेरी, धुतल्या तांदळासारखी मराठी बोलणारा माणूस इथे कालच बदली होऊन आला असे कोणीही म्हणू शकेल. ज्याच्या मराठीत चार पिढ्यांचा कानडी शेजार मुरलेला आहे त्याला उपरा म्हणण्याची कोणाची छाती नाही.

दुसरा आक्षेप अधिक साहित्यिक आहे. ‘प्रतिभा ही देणगी आहे. जी. ए. नागपुरात जन्मले असते तरी जी. ए.च झाले असते. संस्कार, परिसर आणि सवयी यांचा एवढा ऊहापोह कशाला?’ प्रतिभेची मोजदाद करण्याचा आमचा अधिकार नाही, पण साधी शंका विचारतो. एक इंग्रजीचा प्राध्यापक, एक भूगर्भशास्त्रज्ञ आणि एक गिरणीवाला. तिघांची वये वेगळी, जात-वर्ग वेगळे, कथेची जातकुळी तर पूर्णच वेगळी. एकाची कथा नियतीच्या चक्रव्यूहात शिरते, दुसऱ्याची मुलाच्या खिशातल्या गोट्या मोजते, तिसऱ्याची वखारीच्या धुळीत खोकते. तरी तिघेही याच पट्ट्यातले. प्राग शहरात झेक भाषेच्या गराड्यात बसून काफ्काने जर्मन लिहिली, त्या जर्मनचे वेगळेपण समजावून सांगताना जगभरचे टीकाकार त्या गराड्याचा विचार करतात. आपण मात्र आपल्या कथाकारांच्या बाबतीत ‘देवाची देणगी’ म्हणून हात झटकतो. देणगी देवाची असेल, कान मात्र अंगणात तयार होतो.

खरे संकट कानडीचे नाहीच. आपल्या पुष्कळ घरांतील मुले आज इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. त्यांना पोटापाण्यासाठी इंग्रजी येते, पण ज्या अर्थाने जी. एं.ना इंग्रजी येत होती त्या अर्थाने येत नाही. कानडी सक्तीचा विषय म्हणून गुणांपुरती येते, मराठी आजीशी बोलण्यापुरती. तीन भाषांच्या मध्ये राहून एकही भाषा हाडात न मुरलेली पिढी आपण वाढवीत आहोत. जी. एं.च्या भोवतीही तीन भाषा होत्या, पण प्रत्येकीशी त्यांचा पुरता व्यवहार होता. भाषांची संख्या तीच, व्यवहार मात्र आटला. उद्याच्या कथाकाराचा घास नेमका येथे हिरावला जात आहे, आणि आपण मांडवात बसून कालच्या कथाकारांच्या नावाने टाळ्या वाजवीत आहोत.

टीका करून थांबणे सोपे असते, म्हणून चार कामे सुचवितो. त्यांना सरकारी अनुदान लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

एक, प्रत्येक संमेलनात एक भाषण कमी करावे आणि त्या वेळात सीमाभागातील एका कथाकाराची एक संपूर्ण कथा मोठ्याने वाचावी. ‘आमचे’ म्हणण्यापूर्वी निदान एक कथा ऐकलेली असावी, एवढीच अट. दोन, घरातील वृद्ध स्त्रियांकडे या बोलीचे जे शब्द, म्हणी आणि शिव्यासुद्धा शिल्लक आहेत ते वहीत उतरवून घ्यावे. हे काम कॉलेजातल्या नातवंडांना द्यावे. आजीचे बोलणे नोंदण्याजोगे असते हे त्या निमित्ताने त्यांना कळेल. तीन, बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासूनचे आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांना एवढा जुना ग्रंथसंग्रहाचा वारसा नाही. घरात दोन दुचाक्या असताना वाचनालयाची वर्गणी नसणे ही आपल्या भागात लाजिरवाणी गोष्ट मानली जावी. आणि तेथे जाऊन मराठीबरोबर इंग्रजी नि कन्नडही वाचावे. सक्तीने शिकविलेली लिपी आपल्याला येतेच, तर तिचा उपयोग बसच्या पाट्यांपुरता न ठेवता बेंद्र्यांपर्यंत जाण्यासाठी का करू नये? चार, मुलाच्या तोंडी ‘होय की’ आले तर त्याला टोकू नये. पाहुणे हसले तर हसू द्यावे. प्रमाण मराठी त्याला शाळा आणि पुस्तके शिकवतील, बोली मात्र घराखेरीज दुसरीकडे मिळत नाही.

या भागात नवा कथाकार निर्माण व्हावा अशी इच्छा प्रत्येक साहित्यमंडळाच्या वार्षिक अहवालात छापलेली असते. तो ठरावाने येत नाही. कदाचित तो आजही एखाद्या गॅरेजात स्पॅनर पुसत असेल, किंवा एखाद्या खोलीत कोणालाही न सांगता परकी पुस्तके वाचीत असेल, किंवा आजीच्या मागेमागे फिरत तिचे दोन भाषांतले बोलणे कानांत साठवीत असेल. तो आपल्या सभेला येणार नाही, आणि आला तरी मागच्या रांगेत बसेल. त्याची बोली आपल्याला चालते की नाही, याची चाचपणी तो तेथूनच करील. त्याला जे उत्तर मिळेल त्यावर पुढच्या पन्नास वर्षांनी स्वागताच्या भाषणात वाचायला एखादे नवे नाव असेल की याच चार नावांची माळ पुन्हा ओवावी लागेल, हे ठरणार आहे.